प्युजो २०५ : एका छोट्या हॅचबॅकने अख्खी कंपनी कशी सावरली?



आमच्या काकांकडे एक जुनी मारुती झेन डिझेल होती. बॉनेट उघडलं की काका हमखास म्हणायचे, "गाडी आपली, पण इंजिन फ्रेंच बरं का!" लहानपणी मला ती थाप वाटायची. मारुती आणि फ्रेंच? पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर एकदा कुतूहल म्हणून शोधलं, तर काका खरं बोलत होते. ते इंजिन प्युजो कंपनीचं होतं. मग त्या इंजिनाचं खानदान शोधत शोधत मी मागे गेलो आणि येऊन थांबलो १९८३ सालच्या एका छोट्या फ्रेंच हॅचबॅकपाशी. तिचं नाव प्युजो २०५.

ही गाडी तुमच्यापैकी बहुतेकांनी रस्त्यावर पाहिली नसेल. युरोपात मात्र १९८० च्या दशकात ती घरोघरी होती. तिची गोष्ट आपल्या साइटवर सांगायचं कारण वेगळं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक प्रश्न सारखा येतो : जुनं वापरायचं की नव्याने लिहायचं? जुनं ठेवलं तर ते कधीतरी गळ्यात अडकतं, आणि सगळं नव्याने करायला घेतलं तर पैसा आणि वेळ दोन्ही संपतात. प्युजोसमोर हाच प्रश्न होता, आणि उत्तर चुकलं असतं तर कंपनीच राहिली नसती. त्यांनी काय निवडलं, ते आज बघू.

(फ्रेंच उच्चार काहीसा 'पझो' असा आहे. आपल्याकडे 'प्युजो' रुळलंय, म्हणून इथे तेच वापरतो.)

थोडक्यात माहिती

- कंपनी : प्युजो, फ्रान्स
- प्रकार : छोटी हॅचबॅक, इंजिन पुढे, पुढच्या चाकांना ताकद
- बाजारात आली : फेब्रुवारी १९८३
- उत्पादन थांबलं : १९९८
- एकूण उत्पादन : ५२ लाखांहून जास्त
- लांबी : साधारण ३.७ मीटर (आजच्या स्विफ्टपेक्षा आखूड)
- बाह्यरूप : प्युजोची स्वतःची डिझाइन टीम, प्रमुख जेरार वेल्तेर
- प्रकार : ५ दारांची, ३ दारांची, कॅब्रिओले म्हणजे उघड्या टपाची, आणि मालवाहू व्हॅन
- वारसदार : प्युजो २०६ (१९९८)

हॅचबॅक म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असेलच, तरी एका ओळीत : मागची डिकी वेगळी बाहेर न काढता, मागच्या काचेसकट वर उघडणारं दार असलेली गाडी.

नावात मधे शून्य का?

प्युजोच्या गाड्यांच्या नावात मधे शून्य असतं ही परंपरा १९२९ च्या '२०१' या मॉडेलपासून सुरू झाली. पहिला आकडा गाडीचा आकार सांगतो, शेवटचा आकडा पिढी. म्हणजे २०१, २०२, २०३, २०४ आणि मग २०५ : छोट्या आकाराची, पाचव्या पिढीची. फोनच्या मॉडेल नंबरसारखाच प्रकार, फक्त नव्वद-शंभर वर्षं जुना.

या शून्यावर प्युजोचा इतका हक्क होता की १९६४ मध्ये पोर्शला आपल्या '९०१' या नव्या गाडीचं नाव बदलावं लागलं. प्युजोने हरकत घेतली आणि पोर्शने शून्याच्या जागी एक टाकला. जगप्रसिद्ध '९११' हे नाव असं जन्मलं.

फ्रान्समध्ये २०५ ची जाहिरातही नंबरवरच बेतलेली होती : 'साक्रे न्युमेरो'. शब्दशः अर्थ 'काय नंबर आहे!', पण बोलण्यात 'भारी नग आहे हा' असाही. आपल्याकडे आपण 'एक नंबर!' म्हणतो ना, त्याच्या बरंच जवळचं.

एक महागडी खरेदी

आता मूळ गोष्टीकडे. १९७० च्या दशकापर्यंत प्युजोची ओळख होती ती मजबूत, शांत, थोड्या कंटाळवाण्या गाड्या बनवणारी कंपनी म्हणून. डॉक्टर, वकील, शेतकरी यांची गाडी. तरुणांनी वळून बघावं असं त्यात फारसं काही नव्हतं.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर प्युजोने अडचणीत आलेली सिट्रोएन कंपनी ताब्यात घेतली आणि 'पीएसए' हा समूह तयार झाला. हे पचतं न पचतं तोच, १९७८ मध्ये समूहाने अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचा युरोपातला सगळा कारभार विकत घेतला.   त्या खरेदीसोबत आलं कर्ज, ब्रिटन, फ्रान्स आणि स्पेनमधले जुने कारखाने, हजारो कामगार आणि बाजारात न चालणारी मॉडेल्स. या गाड्यांना 'टॅलबो' असं जुनंच नाव नव्याने देण्यात आलं, पण गिऱ्हाईक काही वळलं नाही.

वर १९७९ मध्ये दुसरं तेलसंकट आलं. पेट्रोल महागलं, लोक छोट्या गाड्या शोधू लागले. आणि नेमकी प्युजोकडे दमदार अशी छोटी गाडी नव्हती. होती ती '१०४', १९७२ सालची. सुरुवातीला तर ती दिसायला हॅचबॅक असूनही मागे पूर्ण उघडणारं दार नव्हतं. तिकडे रेनोची 'रेनो ५' फ्रान्समध्ये धडाक्यात विकली जात होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पीएसए समूह सलग तोट्यात गेला. एका खिशात सिट्रोएन, दुसऱ्या खिशात टॅलबो, आणि दोन्ही खिशांना भोक, अशी अवस्था.

अशा वेळी कंपनीने जे काही उरलंसुरलं बळ होतं ते एका छोट्या गाडीवर लावलं. अंतर्गत सांकेतिक नाव 'एम २४'. तीच २०५.

जुनं काय ठेवलं, नवं काय केलं

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. २०५ मध्ये जगात पहिल्यांदाच आलेलं असं एकही मोठं तंत्रज्ञान नव्हतं. कमाल निवडीची होती.

ठेवलं ते : छोटं पेट्रोल इंजिन. सुरुवातीच्या २०५ मध्ये १०४ चंच 'एक्स' कुटुंबातलं इंजिन होतं, ९५४, ११२४ आणि १३६० सीसीचं. हे इंजिन प्युजो आणि रेनो यांनी मिळून बनवलेलं, ॲल्युमिनियमचं, हलकं. पण विचित्र. ते जवळपास आडवं, ७२ अंशांत मागे झुकवून बसवलेलं असायचं, आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटात, एकाच ऑइलमध्ये. फ्रान्समध्ये मेकॅनिक त्याला 'सूटकेस इंजिन' म्हणायचे, कारण ते सुटकेससारखं दोन भागांत उघडायचं. जागा कमी लागायची हा फायदा. गिअरचा बारीक सूर ऐकू यायचा हा तोटा. पण ते तयार होतं, पारखलेलं होतं, त्याचा कारखाना उभा होता. नवीन इंजिनावर पैसे घालायची ती वेळ नव्हती.

नवं केलं ते : गाडीचं शरीर आणि चाकं धरून ठेवणारी यंत्रणा. लोक रोज बघतात ते रूप आणि रोज अनुभवतात ती चाल, इथे काटकसर केली नाही.

रूपाबद्दल एक गैरसमज आहे. प्युजोचं इटलीच्या पिनिनफारिना स्टुडिओशी जुनं नातं, त्यामुळे २०५ त्यांनीच काढली असं अनेकांना वाटतं. पण मूळ गाडीचं बाह्यरूप जेरार वेल्तेर यांच्या घरच्या टीमचं आहे. पिनिनफारिनाचा हात आहे तो पुढे आलेल्या उघड्या टपाच्या आवृत्तीत. आजही २०५ चे फोटो बघा : मोठ्या काचा, बारीक खांब, गोलसर कोपरे, कुठेही आरडाओरडा नाही. चाळीस वर्षांनंतरही जुनाट वाटत नाही.

सस्पेन्शनची गंमत जरा समजून घेण्यासारखी आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात. आजही बहुतेक गाड्यांत हेच असतं. मागे मात्र उभी स्प्रिंगच नाही! त्याऐवजी गाडीच्या रुंदीला समांतर पोलादी दांडे. चाक खड्ड्यात गेलं की दांडा पिळला जातो, ओला पंचा पिळावा तसा, आणि मग तो परत सरळ व्हायला बघतो. यालाच टॉर्शन बार म्हणतात. शॉक ॲब्सॉर्बरही जवळपास आडवे झोपवलेले. परिणाम? मागच्या चाकांच्या वर उंच खांब नाहीत, त्यामुळे डिकीचा तळ सपाट आणि रुंद. लहान गाडीत सामान जास्त, आणि फ्रान्समधल्या ओबडधोबड खेड्यातल्या रस्त्यांवर चालही मऊ.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी शोरूममध्ये कुणाला दिसत नव्हती. इंजिनाची जागा अशी आखली होती की त्यात ते जुनं झोपलेलं छोटं इंजिनही बसेल आणि 'एक्सयू' हे कंपनीचं नवं मोठं इंजिनही बसेल, ज्याचा गिअरबॉक्स बाजूला जोडलेला असतो. दोन्ही इंजिनांची रचना पूर्ण वेगळी, तरी गाडी तीच. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी इंटरफेस नीट आखला होता. आत जुना मॉड्यूल आज ठेवा, उद्या काढा, बाकीच्या गाडीला फरक पडायला नको. आणि झालंही तसंच. १९८७ च्या सुमारास सूटकेस इंजिन काढून त्या जागी 'टीयू' हे नवं, साध्या रचनेचं इंजिन आलं. गिऱ्हाइकाला फक्त एवढंच कळलं की आवाज कमी झाला आणि ॲव्हरेज वाढलं.

हे 'टीयू' नाव लक्षात ठेवा. काकांच्या झेनपाशी पोचायला ते लागणार आहे.

डिझेल : छोटी गाडी, लांबचा प्रवास

मोठं इंजिन बसण्याची सोय ठेवली होती, तिचा पहिला फायदा डिझेलने घेतला. त्या काळी डिझेल म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर आणि टॅक्सी. आवाज, थरथर, काळा धूर. १९८३ च्या अखेरीस २०५ मध्ये 'एक्सयूडी' हे १७६९ सीसीचं, ६० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आलं.

हे इंजिन शांत कसं होतं? त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जायचं. तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरत असायची. जळण त्या कप्प्यात सुरू होऊन मग सिलिंडरमध्ये पसरायचं, त्यामुळे दाब एकदम न वाढता हळूहळू वाढायचा आणि 'खट-खट' कमी व्हायची. पंप पूर्ण यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. त्यामुळे गावातला मेकॅनिकही दुरुस्त करू शकायचा.

६० हॉर्सपॉवर ऐकून हसू नका. गाडी हलकी होती, त्यामुळे ही डिझेल २०५ छोट्या पेट्रोल २०५ च्या बरोबरीने पळायची आणि इंधन कितीतरी कमी प्यायची. फ्रान्समध्ये डिझेलवर कर कमी होता, म्हणून खूप फिरणाऱ्यांना ती अगदी परवडायची. युरोपात छोट्या डिझेल गाड्यांची जी लाट आली, तिच्यात या इंजिनाचा मोठा वाटा होता. आज प्रदूषणाच्या नियमांमुळे तीच लाट ओसरलीय, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

जीटीआय : तरुणांनी वळून बघितलं

१९८४ मध्ये आली ती आवृत्ती, जिच्यामुळे २०५ चे फोटो लोकांनी भिंतीवर लावले : २०५ जीटीआय. १५८० सीसी, १०५ हॉर्सपॉवर आणि वजन साधारण ८५० किलो. तीन दारं, कडेने लाल पट्टी. १९८६ च्या अखेरीस १९०५ सीसीची, १३० हॉर्सपॉवरची मोठी जीटीआय आली. तिच्यात मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक होते.

आजच्या मानाने हे आकडे किरकोळ वाटतील. पण वेगाचा हिशोब फक्त ताकदीवर होत नाही, ताकद भागिले वजन असा होतो. फोनमध्ये नुसता प्रोसेसर तगडा असून चालत नाही, सिस्टीमही हलकी लागते, तसंच. जीटीआयमध्ये पॉवर स्टीअरिंग सुरुवातीला नव्हतं, एअरबॅग नव्हत्या, आवाज रोखणारं जाड अस्तर नव्हतं. रस्त्याची प्रत्येक हालचाल थेट हातात यायची.

पण एक खोडही होती. वळणावर वेगात असताना घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर गाडीचं वजन पुढे झुकायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जायची. याला 'लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टीअर' म्हणतात. मुरलेल्या ड्रायव्हरला ही मजा, नवशिक्याला थेट खड्डा. आजच्या गाड्यांत ईएससी नावाची यंत्रणा असते. ती सेन्सरवरून ओळखते की गाडी घसरतेय, आणि एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरते. जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघून 'काय भारी!' म्हणताना हे लक्षात असू द्या. त्या काळी चूक सुधारायला आत कुठलंही सॉफ्टवेअर बसलेलं नव्हतं.

१९८८ मध्ये 'रॅली' नावाची आणखी हलकी आवृत्ती आली. १२९४ सीसी, पांढरा रंग, आत गरजेपुरतंच सामान, वजन ८०० किलोच्या आत. पुरस्कारांचंही सांगतो. १९८४ च्या 'युरोपियन कार ऑफ द इयर'मध्ये २०५ दुसरी आली, पहिली फियाट उनो. पण ब्रिटनच्या 'कार' मासिकाने दशक संपताना २०५ ला दशकातली सर्वोत्तम गाडी ठरवलं.

टर्बो १६ : नाव तेच, आत राक्षस

प्युजोला आपली 'डॉक्टरांची गाडी' ही ओळख पुसायची होती. त्यासाठी रॅलीच्या मैदानात उतरायचं ठरलं. या टीमचे प्रमुख होते ज्याँ तोद. पूर्वी ते रॅलीत सहचालक, म्हणजे शेजारी बसून रस्ता वाचून दाखवणारे होते. पुढे हेच फॉर्म्युला वनमध्ये फेरारीच्या टीमचे प्रमुख आणि त्यानंतर एफआयए या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले.

त्या वेळी रॅलीत 'ग्रुप बी' नावाचा वर्ग होता. नियम ढिले. रस्त्यावर चालणाऱ्या २०० गाड्या बनवा आणि मग स्पर्धेत या. प्युजोने २०५ टर्बो १६ बनवली. दिसायला २०५, पण इंजिन मागच्या सीटच्या जागी, टर्बोसकट, आणि ताकद चारही चाकांना. १६ हा आकडा व्हॉल्व्हचा.

इंजिन १७७५ सीसीच का? हे मला फार आवडतं. नियमानुसार टर्बो असलेल्या इंजिनाचा आकार १.४ ने गुणून धरायचा. १७७५ गुणिले १.४ म्हणजे २४८५. ते २५०० च्या जरा आत बसतं, आणि २५०० च्या आतल्या गाडीला कमी वजनाची परवानगी होती. आधी नियमावली वाचली, मग इंजिन ठरवलं.

१९८४ मध्ये गाडी जागतिक रॅलीत उतरली आणि त्याच वर्षी फिनलंडमध्ये आरी वातानेन यांनी तिला पहिला विजय मिळवून दिला. १९८५ आणि १९८६, दोन्ही वर्षी कंपन्यांचं विजेतेपद प्युजोचं. ड्रायव्हरांचं विजेतेपदही प्युजोच्याच गाडीला : १९८५ मध्ये टिमो सालोनेन, १९८६ मध्ये युहा कांकुनेन.

पण याची किंमतही मोठी होती. १९८५ मध्ये अर्जेंटिनात वातानेन यांचा भीषण अपघात झाला, जिवावर बेतलं. १९८६ मध्ये कॉर्सिकातल्या रॅलीत लान्सियाचे हेन्री तोइव्होनेन आणि सहचालक सर्जियो क्रेस्तो मरण पावले. गाड्यांची ताकद माणसाच्या आवाक्याबाहेर गेली होती. त्या वर्षअखेर ग्रुप बी बंद झाला. प्युजोने हीच गाडी वाळवंटातल्या पॅरिस-डाकार रॅलीत नेली. १९८७ ची डाकार जिंकली कोणी? बरं होऊन परतलेल्या वातानेन यांनी. पुढच्या वर्षी कांकुनेन यांनी २०५ मधूनच ती पुन्हा जिंकली.

टर्बो १६ फार थोड्यांनी विकत घेतली. पण रविवारी टीव्हीवर जिंकणारी २०५ बघून सोमवारी शोरूममध्ये साधी २०५ घेणारे पुष्कळ होते. दशकाच्या मध्यावर पीएसए समूह पुन्हा नफ्यात आला. एका गाडीने सगळं केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, कारण कारखान्यांची कडक फेररचनाही झाली आणि त्यात अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पण विकायला २०५ नसती तर त्या फेररचनेनंतर उरलं काय असतं, हा प्रश्न राहतोच.

जे चुकलं

यशाची गोष्ट इथे संपवली तर अर्धीच होईल. २०५ इतकी चालली की तिच्या जागी काय आणायचं हेच कंपनीला ठरवता येईना. शेवटी थेट वारसदार आणायचाच नाही असं ठरलं. खाली छोटी १०६ (१९९१), वर मोठी ३०६ (१९९३), आणि २०५ ची गिऱ्हाइकं दोघींत वाटली जातील असा हिशोब. तो फसला. १०६ लहान पडायची, ३०६ महाग. मधली जागा रिकामी राहिली आणि ती फोर्ड, रेनो, फोक्सवॅगन यांनी भरली. २०५ मात्र म्हातारी होऊनही १९९८ पर्यंत विकत राहावी लागली. त्या वर्षी २०६ आली, तेव्हा कुठे ती जागा भरली आणि २०६ ही तुफान चालली.

आमच्या क्षेत्रातही हे बघतो. एखादं ॲप चांगलं चालतंय म्हणून पुढची आवृत्ती लांबवत राहतात, आणि एक दिवस वापरणारेच दुसरीकडे गेलेले असतात.

आणि आता कल्याण

आता काकांच्या झेनकडे परत. १९८५ मध्ये प्युजोने '३०९' नावाची जरा मोठी गाडी आणली. मुळात ती टॅलबो म्हणून विकायची होती, ऐनवेळी प्युजोचं नाव लागलं. पैसे वाचवायला तिची दारं थेट २०५ चीच घेतली होती! ही ३०९ पुढे भारतात बनली, तीही आपल्या कल्याणला. प्रीमियर पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्युजोशी भागीदारी करून १९९४ मध्ये तिचं उत्पादन सुरू केलं. म्हणजे २०५ ची दारं कल्याणच्या कारखान्यातून बाहेर पडत होती. भागीदारी मात्र फार टिकली नाही, १९९७ मध्ये प्युजो बाहेर पडली.

आणि इंजिन? २०५ मध्ये आलेल्या त्या टीयू कुटुंबाची डिझेल शाखा म्हणजे टीयूडी. त्यातलं १५२७ सीसीचं 'टीयूडी ५' मारुतीने झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये बसवलं. पुढे प्रीमियरने चिंचवडला बनवलेल्या 'रिओ'मध्येही हेच इंजिन होतं. काका खरंच बोलत होते.

नेहमीचे प्रश्न

२०५ आज कोण बनवतं? कोणी नाही. पण तिच्या वंशातली प्युजो २०८ युरोपात विकली जाते. २०८ नंतर कंपनीने आकडा पुढे न्यायचं थांबवलं, नवी पिढीही २०८ च.

२०५ ची कल्पना कुठे उरलीय का? हो. २०१९ च्या २०८ मध्ये एकच ढाचा पेट्रोल, डिझेल आणि इलेक्ट्रिक अशा तिन्हींसाठी आखला होता. इंजिनाच्या जागी बॅटरी-मोटर आली, पण विचार तोच : जागा अशी ठेवा की उद्याचं काही बसवता येईल.

पीएसए कुठे गेली? २०२१ मध्ये ती फियाट-क्रायस्लरमध्ये विलीन होऊन स्टेलांटिस झाली. ज्या क्रायस्लरचा युरोपातला पसारा घेऊन ती बुडायला आली होती, तीच आता एका छताखाली.

जुनी २०५ घ्यायची झाली तर काय बघतात? मागच्या टॉर्शन बारच्या एक्सलचे बेअरिंग. ते झिजले की मागची चाकं वरून आत झुकलेली दिसतात. युरोपात चांगल्या जीटीआयला आता नव्या छोट्या गाडीइतके किंवा त्याहून जास्त पैसे मोजावे लागतात.

तुमच्या घरी किंवा गल्लीत कुणाकडे अजून झेन डिझेल, एस्टीम डिझेल किंवा कल्याणची ३०९ असेल तर एकदा बॉनेट उघडायला सांगा. ३०९ असेल तर दार उघडून बघा. ते दार मूळचं २०५ चं आहे.